पाण्यात पडलं की तासाभराचं आयुष्य

मे महिन्यात ग्वाल्हेरच्या नई सडकेवरून बर्फाची लादी घेऊन निघालेला माणूस वाटेत कुणाशी गप्पा मारत थांबत नाही. लादी पोत्यात गुंडाळलेली असते, वर भुसा चोपडलेला असतो, तरी सायकलच्या कॅरिअरवरून पाण्याची धार चालूच. पारा पंचेचाळिसाच्या घरात. पाच किलोपैकी घरी किती बर्फ पोचणार, हे तराजू किती अचूक होता यावर ठरत नाही. किती वेळात घर गाठलं यावर ठरतं.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असाच हिशेब असलेलं एक रसायन आहे: फिनाइलमिथाइलसल्फोनिल फ्लोराइड. एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे पीएमएसएफ म्हणतात. पांढरी, स्फटिकासारखी भुकटी; कोरडी आणि घट्ट बंद ठेवली तर टिकाऊ. पण पाण्यात पडली की तिची घटका भरत येते. हे माहीत नसल्यामुळे जेवढी प्रथिनं वाया जातात, तेवढी चुकीच्या वजनामुळे जात नसावीत.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांमधून विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींची वाट आता साधारण ठरलेली आहे. १९६४ साली स्थापन झालेलं जिवाजी विद्यापीठ गावातच आहे. तिथे जीवरसायन किंवा जैवतंत्रज्ञानात एमएस्सी करायची, शेवटच्या सत्रात प्रकल्पासाठी एखाद्या प्रयोगशाळेत सहा महिने काढायचे. त्या सहा महिन्यांत कधीतरी गाइड सांगतात, 'लायसिस बफरमध्ये पीएमएसएफ घालायला विसरू नकोस.' कधी घालायचं, कशात विरघळवायचं, किती वेळानं पुन्हा घालायचं, हे बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. सीनियरनं केलं तसं ज्युनियर करतो, आणि सीनियरची चूकही वारशानं मिळते.

पेशी फुटते तेव्हा

शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणतात. प्रथिनं कापणारी विकरं म्हणजे प्रोटिएज. प्रत्येक पेशीत ती असतातच, कारण जुनी, बिघडलेली प्रथिनं मोडीत काढायला कुणीतरी हवं. धडधाकट पेशीत त्यांची जागा ठरलेली असते. जुन्या वाड्यात कोयते, विळे माळ्यावर किंवा परसातल्या खोलीत ठेवत, माजघरात नाही; तसंच. यीस्टच्या पेशीत व्हॅक्युओल नावाची पिशवी अशा सुऱ्यांनी भरलेली असते.

प्रयोगासाठी पेशी फोडल्या की भिंती, कड्या, कोयंडे सगळं एकदमच कोसळतं. माळ्यावरचे विळे माजघरात येतात. ज्या प्रथिनासाठी तीन दिवस बॅक्टेरिया वाढवले, ते दहा-वीस मिनिटांत कुरतडलं जाऊ शकतं. जेल लावल्यावर हे दिसतं. ४५ किलोडाल्टनला एक ठसठशीत निळा पट्टा हवा असतो. तिथे असतो एक फिका पट्टा, आणि त्याच्या खाली पंचविसापर्यंत ओघळलेली निळसर रेघ, जणू ओल्या शाईवरून कुणी बोट फिरवलं. प्रयोगशाळेच्या बोलीत याला 'स्मिअर आला' म्हणतात आणि म्हणणाऱ्याचा चेहरा पडलेला असतो.

पीएमएसएफ या सुऱ्यांपैकी एका मोठ्या जातीची धार मारतं. ती जात म्हणजे सेरीन प्रोटिएज: ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन. या एन्झाइमांच्या कामाच्या जागी एक सेरीन असतं (कायमोट्रिप्सिनमध्ये साखळीतलं १९५ वं) आणि शेजारच्या हिस्टिडिन-ॲस्पार्टेटमुळे ते विलक्षण तरतरीत झालेलं असतं. प्रथिनाची साखळी तोडण्यासाठी तेच झेपावतं. पीएमएसएफ समोर आलं की ते त्याच्यावरही झेपावतं, फ्लोराइड सुटून जातं आणि उरलेला भाग सेरीनला कायमचा चिकटतो. कुलपात किल्ली मोडून अडकल्यासारखं. ते एन्झाइम मग त्या प्रयोगापुरतं संपलं.

एन्झाइमांना अडवणारे पदार्थ, म्हणजे इनहिबिटर, सगळेच असे नसतात. जपानमध्ये हामाओ उमेझावा यांच्या गटानं १९६९-७० च्या सुमारास सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं ल्युपेप्टिन हे पाहुण्यासारखं आहे, येतं, बसतं, उठून जातंही. पीएमएसएफ घरजावई. हा फरक ध्यानात असला की पुढचे अर्धे नियम आपोआप समजतात.

झाशी रोडवरचं नातं

या रसायनाचा जन्म कुठून झाला हे ग्वाल्हेरकरांनी तर जाणून घ्यावंच, कारण त्याच्या थोरल्या भावंडांशी या शहराचा रोजचा संबंध आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केंब्रिजमध्ये बर्नार्ड साँडर्स आणि सहकाऱ्यांनी डायआयसोप्रोपिल फ्लोरोफॉस्फेट, म्हणजे डीएफपी, या विषाचा अभ्यास केला. त्याआधी जर्मनीत गेरहार्ड श्रॅडर यांच्या प्रयोगशाळेत कीटकनाशकं शोधता शोधता १९३६ मध्ये टाबुन आणि १९३८ मध्ये सारिन हाती लागलं होतं. ही सगळी मज्जासंस्थेवरची विषं एकाच पद्धतीनं मारतात. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाला ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम असतं; त्याच्या कामाच्या जागीही एक तरतरीत सेरीन आहे. विष त्याला चिकटतं, ॲसिटिलकोलिन साठत जातं, स्नायू फडफडतात, छाती स्रावांनी भरते, श्वास थांबतो. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत घडलं ते हेच.

युद्धानंतर जीवरसायनवाल्यांच्या लक्षात आलं की डीएफपी कायमोट्रिप्सिनलाही असंच चिकटतं, आणि एन्झाइमाच्या नेमक्या कोणत्या जागी काम चालतं हे त्यावरून शोधता येतं. साधन उत्तम होतं, पण हाताळणाऱ्याच्या जिवाशी खेळ होता. ते बाष्परूपातही घात करतं. १९६३ मध्ये डेव्हिड फार्नी आणि ॲलन गोल्ड यांनी फॉस्फरसऐवजी गंधकाचा सांगाडा असलेली सल्फोनिल फ्लोराइडं या एन्झाइमांवर वापरून दाखवली. त्यांतलं पीएमएसएफ कायमोट्रिप्सिनला झपाट्यानं गाठतं, ट्रिप्सिनला जरा सावकाश, आणि कोलिनएस्टरेजवर त्याचा जोर पुष्कळ कमी. शिवाय ते घन आहे, डीएफपीसारखं हवेत उडत नाही. म्हणून ते जगभरच्या प्रयोगशाळांत रुळलं.

ग्वाल्हेरच्या झाशी रोडवर डीआरडीई आहे, संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापना. १९४७ साली सुरू झालेल्या जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेतून ती उभी राहिली आणि १९७३ मध्ये तिला आताचं नाव मिळालं. रासायनिक आणि जैविक हल्ल्यांपासून बचाव हा तिचा विषय. हेगच्या रासायनिक शस्त्रबंदी संघटनेनं नमुने तपासण्यासाठी तिथल्या प्रयोगशाळेला मान्यता दिलेली आहे. सारिनसारख्या विषांनी अडकलेलं कोलिनएस्टरेज कसं मोकळं करायचं, यावर ज्या गावात संशोधन चालतं, त्याच गावातल्या विद्यापीठात एखादा विद्यार्थी पीएमएसएफची भुकटी हातमोज्यांशिवाय तोलताना दिसावा, हा विनोद मात्र बरा नव्हे.

शेतीतल्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचंही कूळ हेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तिथे वापरल्या गेलेल्या औषधांत या कुळातलीही होती. फवाऱ्याची टाकी आणि प्रयोगशाळेतली छोटी बाटली यांच्यामध्ये रसायनशास्त्राच्या दृष्टीनं फार अंतर नाही.

या कुळाची एक चमत्कारिक गोष्ट कोंबड्यांवरच्या प्रयोगांत दिसली. काही ऑर्गॅनोफॉस्फेटांमुळे दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडतात. कोंबडीला विषाच्या आधी पीएमएसएफ दिलं तर हा लुळेपणा टळतो. विषाच्या नंतर दिलं तर उलट वाढतो. तेच रसायन, तीच कोंबडी. बदलली ती फक्त वेळ.

स्टॉक

आता कामाचं. पीएमएसएफचा रेणूभार १७४.२. शंभर मिलीमोलर स्टॉक हवा असेल तर एका मिलिलिटरला १७.४ मिलिग्रॅम, १० मिलिलिटर करायचे तर १७४ मिलिग्रॅम. विरघळवायचं ते निर्जल आयसोप्रोपॅनॉलमध्ये, नाहीतर निर्जल इथेनॉलमध्ये. इथे 'निर्जल' हा शब्द शोभेचा नाही. हात पुसायला ठेवलेलं ७० टक्के अल्कोहोल घेतलं, तर स्टॉक बाटलीतच मरायला लागतो. कपाटात कित्येक महिने उघडझाप होत असलेली आयसोप्रोपॅनॉलची बाटलीही भरवशाची नसते. पावसाळ्यात तर नाहीच.

असा स्टॉक फ्रीजमध्ये किंवा उणे २० अंशांना कित्येक महिने टिकतो. मोठ्या बाटलीपेक्षा अर्ध्या-एक मिलिलिटरच्या नळ्यांमध्ये वाटून ठेवावा. थंडीत त्यात सुया दिसायला लागतात, आणि जानेवारीच्या ग्वाल्हेरमध्ये तर बाकावर ठेवल्या ठेवल्याही दिसू शकतात. घाबरण्याचं कारण नाही, पण तसाच पिपेटनं उचलूही नये. पीएमएसएफ तळाशी सुयांत बसलेलं असतं आणि वरून उचललेल्या थेंबात ते जवळजवळ नसतंच. नळी मुठीत धरावी, किंवा कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवावी, उलटीपालटी करावी, सगळं स्वच्छ झालं की मगच घ्यावं. 'पीएमएसएफ घातलं होतं, तरी स्मिअर आला' या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

घड्याळ

जी. टी. जेम्स यांनी १९७८ मध्ये बफरमधलं पीएमएसएफ किती वेळ जगतं हे मोजलं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर निम्मं संपायला ११० मिनिटं लागतात. पीएच ७.५ ला ५५ मिनिटं. पीएच ८ ला अवघी ३५. पाण्याचा रेणू सेरीनच्या आधी तिथे पोचतो आणि किल्ली कुलपापर्यंत जाण्याआधीच मोडून पडते.

हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवण्यासारखे आहेत. समजा नई सडकेवर राहणाऱ्या एखाद्या मुलीनं सकाळी दहाला पीएच ७.५ चा बफर बनवून त्यात पीएमएसएफ घातलं, बाटलीवर लिहिलंही, आणि पेशी फोडायची वेळ आली दुपारी तीनला. पाच तासांत, खोलीच्या तापमानाला, त्यातला चाळिसावा हिस्साही उरत नाही. पीएच ८ असता तर तीनशेवा हिस्साही नाही. लेबलवर मात्र 'पीएमएसएफसहित' असंच लिहिलेलं असतं.

आणि हा हिशेब २५ अंशांचा आहे. मे महिन्यात दुपारी वीज गेली, एसी बंद पडला, तर बाकावरचं तापमान कुठे जातं हे इथल्या कुणाला सांगायला नको. उष्णता वाढली की मोडतोड आणखी वेगानं होते. बर्फात ती मंदावते, म्हणून सगळं काम बर्फावर करायचं.

पण बर्फाचीही एक खोच आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. ट्रिस बफरचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला साधारण ०.०३ नं. गरम खोलीत कमी, थंडीत जास्त. ४० अंशांच्या खोलीत कुणी ट्रिस ७.५ ला बसवला आणि मग बर्फात ठेवला, तर चार अंशांना तो साडेआठच्या आसपास पोचतो. पीएच मीटरवरचं तापमानाचं बटण यात काही मदत करत नाही. ते मीटरचा इलेक्ट्रोड सांभाळतं, बफर नाही. म्हणजे जो बफर ७.५ समजून वापरतोय, तो पीएमएसएफच्या दृष्टीनं वैरी झालेला असतो. उपाय दोनच: ट्रिसचा पीएच थंड करूनच बसवावा, किंवा ट्रिसऐवजी फॉस्फेट नाहीतर हेपेस घ्यावा, जे तापमानानं इतके हलत नाहीत.

कधी आणि किती

नियम सोपा आहे: सगळ्यात शेवटी. बफर तयार, थंड, पेशींचा पेलेट त्यात मिसळायची तयारी झालेली, सोनिकेटर जागेवर; मग पीएमएसएफ. एका मिलिलिटरला शंभर मिलीमोलर स्टॉकचे १० मायक्रोलिटर म्हणजे एक मिलीमोलर. ०.१ ते १ मिलीमोलर हा नेहमीचा टप्पा आहे. ५० मिलिलिटर बफरला ५०० मायक्रोलिटर.

पाण्यात ते फारसं विरघळत नाही, त्यामुळे एकदम ओतलं तर पांढरे कण तरंगतात. बफर हलत असताना थेंबाथेंबानं सोडावं. ताकाची कढी करताना बेसन कालवतात तसं, एका जागी ओतून मग ढवळत बसायचं नाही.

फोडणं लांबलं, म्हणजे सोनिकेशन पाऊण तास चाललं, किंवा फोडल्यानंतर सेंट्रिफ्यूजमध्ये तास गेला, की पुन्हा तेवढंच घालावं. यीस्टबरोबर काम करणारे हे हमखास करतात, कारण त्यांनी व्हॅक्युओलचा मार खाल्लेला असतो. रात्रभरच्या डायलिसिसच्या बफरमध्ये पीएमएसएफ घालून निश्चिंत झोपणं मात्र व्यर्थ. सकाळी तिथे त्याचं नावही नसतं.

आणखी एक: एन्झाइम आणि पीएमएसएफ एकत्र आले की क्षणात सगळं होतं असं नाही. इनहिबिशन तपासायचं असेल, तर दोघांना आधी १५ ते ३० मिनिटं एकत्र ठेवावं, मग सब्स्ट्रेट घालावा. कायमोट्रिप्सिन लवकर अडकतं, ट्रिप्सिनला उशीर लागतो. घाई केली तर ट्रिप्सिनवर पीएमएसएफ 'चालत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. जोडीला एक नळी अशी हवीच, जिच्यात पीएमएसएफ नाही, पण तेवढंच आयसोप्रोपॅनॉल आहे. परीक्षक हा प्रश्न विचारतातच.

त्याच्यानं काय होत नाही

पीएमएसएफ सेरीन जातीवर चालतं. पपईच्या चिकातल्या पपेनसारख्या सिस्टीन जातीवर थोडंफार चिकटतं खरं, पण डीटीटी हे क्षपणक घातलं की सुटतं. धातूवर चालणाऱ्या मेटॅलोप्रोटिएजना ते काहीच करत नाही, त्यांच्यासाठी धातू पकडून नेणारं ईडीटीए. ॲस्पार्टिक जातीला उमेझावांचंच पेपस्टॅटिन. म्हणून 'कॉकटेल' वापरतात, चार-पाच इनहिबिटरांचं मिश्रण. पण निकेल कॉलमवर हिस्टिडिन टॅगचं प्रथिन पकडायचं असेल तर ईडीटीए असलेलं कॉकटेल कॉलमचा निकेल धुवून नेतं आणि निळा-हिरवा कॉलम पांढराफटक पडतो. तिथे ईडीटीएविना कॉकटेल, नाहीतर सरळ पीएमएसएफच.

थ्रॉम्बिननं टॅग कापायचा असेल तर कापण्याआधी बफरमध्ये ताजं पीएमएसएफ असू नये. कापून झाल्यावर थ्रॉम्बिन थांबवायला मात्र तेच कामी येतं. टीईव्ही प्रोटिएजला पीएमएसएफचा त्रास होत नाही, ते सिस्टीन जातीचं आहे. मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी ट्रिप्सिननं प्रथिन कापायचं असेल तर आधीचं पीएमएसएफ संपलं आहे याची खात्री करून घ्यावी. आणि एखाद्या तुकड्यावर १५४ डाल्टनची वाढ दिसली तर ती कुणाची हे ओळखता यावं.

दुधाची बशी

पीएमएसएफचा दुसरा उपयोग ओळख पटवण्याचा. एखादा बॅक्टेरिया किंवा किड्याचं आतडं कोणत्या जातीचं प्रोटिएज वापरतं, हे इनहिबिटरांनी ठरवता येतं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही जमेल अशी पद्धत: आगारमध्ये एक टक्का स्किम दुधाची पावडर मिसळून बशी ओतायची. ती दुधाळ, अपारदर्शक होते. लहान खळगे पाडून एकात नुसतं एन्झाइम, दुसऱ्यात पीएमएसएफबरोबर अर्धा तास ठेवलेलं एन्झाइम, तिसऱ्यात आयसोप्रोपॅनॉलबरोबरचं. ३७ अंशांना काही तास. केसीन कापलं गेलं की खळग्याभोवती काचेसारखं स्वच्छ कडं पडतं. दुसऱ्या खळग्याभोवती कडं नसेल, बाकीच्या दोन्हींभोवती असेल, तर सेरीन प्रोटिएजचा संशय पक्का होतो. एका बशीत एवढं शिकवणारे प्रयोग फार नाहीत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच विषयाचा एक मोठा अध्याय लिहिला गेला. हरभऱ्यावरची घाटेअळी तिच्या आतड्यात मुख्यतः सेरीन प्रोटिएज वापरते. हरभऱ्याच्या दाण्यात त्या प्रोटिएजचे इनहिबिटर आहेतच, मग अळी मरत का नाही? अशोक गिरी, अभय हरसुलकर, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की अळीच्या आतड्यातली एन्झाइमं हरभऱ्याचे इनहिबिटरच निकामी करतात. पुढच्याच वर्षी याच गटानं मांडलं की अळीला अनोळखी असलेल्या झाडांचे इनहिबिटर, भुईमुगाचे, चौधारी घेवड्याचे, एकामागून एक वापरले तर तिचं आतडं गोंधळतं आणि वाढ खुंटते. चंबळच्या खोऱ्यात हरभरा पिकवणाऱ्या कुणाला ही गोष्ट सांगितली तर तो लक्ष देऊन ऐकेल.

स्वयंपाकघरातही इनहिबिटर आहेतच. मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये सोयाबीनमधला ट्रिप्सिन इनहिबिटर स्फटिकरूपात मिळवला. कच्चं सोयाबीन पचत नाही ते त्याच्यामुळे. शिजवलं की तो बहुतांश मोडतो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं तर हा कुनिट्झ इनहिबिटर नसलेलं एनआरसी १२७ हे वाणच काढलं. म्हणजे आजी जेव्हा म्हणते, 'अगं, सोयाबीन नीट शिजू दे, पोट दुखेल,' तेव्हा ती इनहिबिटरच निकामी करत असते. पीएमएसएफ मात्र स्वयंपाकघराच्या आसपासही फिरकायला नको. प्रकल्पाचं काम घरी आणू नये; बाटली तर नाहीच, मोजे आणि कोटही नाहीत.

हाताळणी

पीएमएसएफ डीएफपीपेक्षा सौम्य आहे, निरुपद्रवी नाही. डोळे, कातडी, नाकाघशाची अंतस्त्वचा यांना ते जाळतं. पोटात गेलं तर विषारी. भुकटी तोलणं हाच सगळ्यात धोक्याचा क्षण, कारण ती उडते. त्यामुळे वजनकाटा फ्यूम हूडमध्ये, किंवा निदान पंख्याखाली नाही. उन्हाळ्यात वरचा पंखा बंद करायला कुणालाच नको वाटतं. पाच मिनिटं घाम गाळावा. हातमोजे, चष्मा, मास्क. तोंडानं पिपेट ओढण्याची जुनी सवय अजून कुठेकुठे टिकून आहे. इथे तिला मुळीच जागा नाही. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावं आणि बाटलीचं लेबल बरोबर घेऊन डॉक्टरकडे जावं.

बाटली विकत घेताना २५ ग्रॅमची घेऊ नये, दरात कितीही फायदा दिसला तरी. वर्षभरात दहा-वीस मिलिलिटर स्टॉक लागणाऱ्या प्रयोगशाळेला एक ग्रॅम पुष्कळ. मोठी बाटली वर्षानुवर्षं उघडझाप होत राहते आणि दमटपणा पीत राहते. गोळे झालेली भुकटी दिसली की ती वापरूच नये.

ज्यांना हा सगळा व्याप नको, त्यांच्यासाठी एईबीएसएफ आहे. तेही सल्फोनिल फ्लोराइडच, पण पाण्यात विरघळतं, पाण्यात जास्त टिकतं आणि विषारीपणा कमी. महाग आहे, आणि जास्त प्रमाणात घातलं तर भलत्याच ठिकाणीही चिकटतं, हे त्याचं न्यून. प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीला जाणार असेल तर विचार करून निवडावं. रोजच्या कामाला, बजेट तंग असलेल्या प्रयोगशाळेत, पीएमएसएफ अजून हटलेलं नाही आणि लवकर हटेल असंही दिसत नाही.

उरलेला पीएमएसएफचा बफर सरळ सिंकमध्ये ओतायचा नाही. त्यात थोडा सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच ८.६ च्या वर न्यावा आणि खोलीच्या तापमानाला काही तास, सोयीचं म्हणजे रात्रभर, ठेवावा. जे पाणी दिवसभर आपला प्रयोग बिघडवत होतं, तेच आता त्याचं विष उतरवतं. आयसोप्रोपॅनॉलमधला जुना स्टॉक मात्र सेंद्रिय कचऱ्याच्या बाटलीत.

आणि नळीवर नुसतं 'पीएमएसएफ' लिहून थांबू नका. स्टॉक असेल तर सांद्रता, कशात विरघळवला, तारीख, नाव. बफर असेल तर पीएमएसएफ किती वाजता घातलं ती वेळसुद्धा. पुढच्या सत्रात तुमच्या जागी येणारा मुलगा किंवा मुलगी ती नळी फ्रीजमधून काढील, तेव्हा तुम्ही विचारायला समोर नसाल.